जळगाव-धुळे, मार्गे ब्राह्मी

धरणगावच्या हळदीत दिपमालाने नवरीच्या आत्याचं नाव गाळलं, आणि आत्या जेवली नाही.

नुसती जेवली नाही एवढ्यावर भागलं असतं. ती मांडवाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसली. "बठ्ठासनं नाव लिधं, मनंच नाव नही? मी काय मरी गयी का?" असं ती रिक्षावाल्यालाच विचारत होती. तो बिचारा दुसऱ्याच लग्नाचं भाडं घेऊन आला होता. ही आत्या म्हणजे साक्रीला दिलेली आणि आता धुळ्यात घर बांधून राहिलेली कुंदाबाई. दिपमालाची एकुलती एक नणंद. म्हणजे नाव गाळायचंच होतं तर मांडवात दुसरी शंभर माणसं होती.

हळदीचं गाणं म्हणजे चाल सोपी आणि काम अवघड. नवरदेवाला किंवा नवरीला हळद लागली, ती पाहायला कोण कोण आलं, असं म्हणत एकेक नातेवाईक नावानिशी आणायचा. आधी आजोबा-आजी, मग काका-काकू, मग आत्या, मग मामा, आणि शेवटी लेकराची माय. क्रम चुकला तर एक घर रुसतं, नाव सुटलं तर दोन. जळगावच्या दिपमालाला गेली पंचवीस वर्षं भाऊबंदकीतल्या प्रत्येक हळदीला आवर्जून नेत, कारण ती कागदाशिवाय साठ-साठ नावं घेई. तिची सासू भिकुबाई तर अभिमानाने सांगायची की सून आणली तेव्हा हुंडा घेतला नाही, पण रेडिओ आला.

पण गेल्या दोन वर्षांत काहीतरी बिनसलं होतं. पन्नाशी ओलांडली, पाळी गेली आणि तिच्या पाठोपाठ नावंही जायला लागली. समोर माणूस उभा, त्याचं गाव आठवतंय, त्याच्या म्हशीचा रंग आठवतोय, पण नाव ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं. धरणगावला तेच झालं. आणि आता चाळीस दिवसांनी खुद्द कुंदाबाईच्या मुलाची, योगेंद्रची हळद होती.

कुंदाबाईचा निरोप फोनवर आला. "योगेंद्रनी हळदले गानं वैनीच म्हनी. मानच शे तिना. पन वैनीनं ध्यान आते ऱ्हास नही, म्हनीसन चोपडानी बेबाबाईले मी सांगी ठेयेल शे. एक भी नाव सुटनं, ते पुढलं बेबाबाई म्हनी."

दिपमालाने फोन ठेवला आणि ती ओट्याशी जाऊन उभी राहिली. बेबाबाईचा आवाज फाटका, आणि ती नावं वहीत बघून म्हणते. त्या बाईसाठी आपण मधेच उठायचं, सगळ्या मांडवादेखत! तिला रडू आलं आणि ती खरंच रडली. कांदा चिरायला घेतला होता म्हणून कुणाला कळलं नाही.

तिच्या नवऱ्याला मात्र कळलं. लीलाधर एसटीत कंडक्टर होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, पण तेहेतीस वर्षं माणसांचे चेहरे बघून कोण विनातिकीट आहे ते ओळखलेला माणूस. तो बायकोला घेऊन डॉक्टर सबा यांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, बी-बारा बघितलं आणि सगळं ठीक निघालं.

"दिपमालाताई, या वयात पुष्कळ बायकांचं असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "डोक्यात धुकं बसल्यासारखं. बहुतेकींचं हळूहळू निवळतं. झोप पुरेशी घ्या, रोज चाला, आणि जे विसरायची भीती वाटते त्याचा सराव करा."

"आणि गोळी?"

"गोळ्या मिळतात. सोयाबीनच्या, ब्राह्मीच्या. कुणाला थोडा फरक पडतो, कुणाला काहीच नाही. संशोधनात अजून ठाम काही हाती लागलेलं नाही. घ्यायचीच असेल तर आधी मला बाटली आणून दाखवा."

एवढं स्पष्ट सांगूनही, त्यातला 'गोळ्या मिळतात' एवढाच भाग दिपमालाने पुण्याच्या लेकीला फोनवर सांगितला. चौथ्या दिवशी कुरिअर आलं. हिरवी बाटली, तिच्यावर पानांचं चित्र, आत साठ गोळ्या. डॉक्टरांना दाखवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि त्यात फक्त दिपमालाला दोष देता येणार नाही. लेकीने फोनवरून बजावलं, "आई, रोज सकाळी दोन. आणि घेतलीस की लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण कर. नाहीतर स्मरणशक्तीची गोळी घ्यायला विसरशील."

योजना उत्तम होती. तिच्यात एकच अडचण होती, ती म्हणजे लीलाधर.

त्याच आठवड्यात लीलाधरनेही एक योजना मनाशी केली होती. घरी दूध रोज यायचं आणि किती आलं, कधी आलं नाही, हे दिपमालाच्या तोंडी असायचं. आता तिच्या डोक्याला तेवढाही ताण नको म्हणून तो पहाटे दूध घेतलं की गुपचूप कॅलेंडरवर बरोबरची खूण करू लागला. तिला सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून सांगितलं नाही. कॅलेंडर तेच, दोऱ्याला बांधलेलं निळं पेन तेच.

सात वाजता दिपमाला गोळी घ्यायला यायची. कॅलेंडरवर खूण! "घेतली वाटतं मी," ती म्हणायची. "बघा, घेतली ते आठवतसुद्धा नाही. बरं झालं खूण केली." असं सलग आठ दिवस चाललं.

गोळी पोटात गेली आहे, या भरवशावर तिने सराव मात्र जोरात सुरू केला. पहाटे चालायला जायची ती नावं म्हणत. पण नावं एका ओळीत राहीनात. तेव्हा लीलाधरने त्याच्या धंद्यातली युक्ती दिली.

"मला तेहेतीस वर्षं थांबे कसे पाठ राहिले? जळगाव-धुळे गाडी धर. पाळधीला कोण चढलं, एरंडोलला कोण, पारोळ्याला कोण. एकेका थांब्यावर एकेक घर चढव. थांबा आला की माणसं आपोआप चढतील."

दिपमालाला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात गाडी सुरू झाली. पाळधीला तोताराम आबा आणि त्यांचं कुटुंब चढलं. एरंडोलला पुना नाना, दोन्ही सुनांसह. पारोळ्याला साक्रीकडच्या आत्या, सामानासकट. फागण्यापर्यंत गाडी खच्चून भरायची आणि धुळे स्टँडवर कुंदाबाई स्वतः उभी असायची.

"आणि मला कुठे चढवलंस?" लीलाधरने एकदा विचारलं. तो नवरदेवाचा मामा. हळदीत मामाचा मान मोठा.

"तुम्हाला कशाला थांबा? तुम्ही कंडक्टर. गाडीतच असता," दिपमाला म्हणाली आणि भाकरी उलटली.

आठव्या दिवशी रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. दिपमाला खुलली होती. "अगं, खरंच फरक पडला! काल एकसष्ट नावं म्हटली, एकही सुटलं नाही. झोपही लागते. काय गोळी आहे!"

"बघ! बाटली दाखव बरं, किती राहिल्या?"

"अहो, बाटली आणता का?"

लीलाधर आत गेला. त्याने बाटली उचलली, झाकण उघडलं आणि तो जागच्या जागी थिजला. आतलं चंदेरी सील जसंच्या तसं होतं. गुळगुळीत, नखाचा ओरखडासुद्धा नाही. त्याने बाटलीकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं, आणि आपल्या आठ निळ्या खुणा बघून त्याला सगळा घोटाळा उमगला.

बाहेर दिपमाला हसत होती. किती महिन्यांनी ती अशी हसत होती! आता बाहेर जाऊन सांगायचं की बाई, तू गोळी घ्यायलाच विसरलीस, तीही आठ दिवस सलग? ती परत ओट्याशी जाऊन कांदा चिरत बसली असती. लीलाधरने अंगठ्याने सील फोडलं, सोळा गोळ्या खिशात टाकल्या आणि बाटली कॅमेऱ्यासमोर धरली.

"बरोबर चाललंय," लेक म्हणाली. "पप्पा, तुम्ही लक्ष ठेवा."

"ठेवतोय," लीलाधर म्हणाला.

खिशातल्या सोळा गोळ्यांचं करायचं काय, हा प्रश्न होता. लेकीने कष्टाने पाठवलेली वस्तू नालीत टाकायला त्याचा हात धजावेना. एकदा तिकीट फाडलं की कुणीतरी प्रवास केलाच पाहिजे, हे त्याचं आयुष्यभराचं तत्त्व. ब्राह्मीच तर आहे, मेंदू काय बाईचा आणि बाप्याचा वेगळा असतो? तो रोज सकाळी दोन गोळ्या दुधाबरोबर घेऊ लागला. खूण करायची गरजच नव्हती, ती झालेलीच असायची.

असा आठवडा गेला. एक दिवस दुपारी वीज गेली होती, वाचायला काही नव्हतं, म्हणून त्याने आईचं पोथीचं भिंग घेतलं आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. इंग्रजी तो सावकाश वाचायचा. पहिल्या ओळीत ब्राह्मी होती. दुसऱ्या ओळीत जवस. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी खास. आणि चौथ्या ओळीत, सोयाबीनमधला एक घटक शरीरात स्त्रीच्या संप्रेरकासारखं काम करतो.

लीलाधरने भिंग खाली ठेवलं. त्याला एकदम घाम फुटला. मग आठवलं की घाम कालही आला होता. परवाही. रात्री गादी ओली झाली होती. आणि गेल्या रविवारी मालिकेत सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा आपल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कशामुळे? तो आरशासमोर गेला आणि त्याने मिशी ओढून बघितली. होती अजून.

संध्याकाळी तो एकटाच डॉक्टर सबांच्या दवाखान्यात जाऊन बसला. सगळ्या बायका. त्याने तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. नंबर लागल्यावर आत गेला.

"बोला भाऊ. ताईंना काय होतंय?"

"ताईंना काही नाही. मला होतंय."

"काय?"

"ताईंना जे व्हायला पाहिजे ते," लीलाधर म्हणाला आणि त्याने बाटली टेबलावर ठेवली. मग सगळं सांगितलं. दूध, खुणा, सील, घाम, मालिका.

डॉक्टरांनी बाटली फिरवून वाचली. हसू दाबायला त्यांनी खोकल्याचा आधार घेतला. "भाऊ, आज बाहेर तापमान किती आहे?"

"पंचेचाळीस."

"जळगावात मे महिन्यात माणसाला घाम आला नाही, तर माझ्याकडे या. मालिका मीही बघते, रडू येतं. आठवडाभराच्या गोळ्यांनी तुमचं काही बिघडलं नाही, पण आता बंद करा. दुसऱ्यासाठी आणलेलं औषध असं खात नसतात. वनस्पतींचं असलं तरी."

"आणि हिचं काय? हिने तर एकही घेतली नाही. तरी एकसष्ट नावं म्हणते!"

"झोपतात?"

"हो."

"चालतात?"

"रोज पहाटे. गात गात."

"मग मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा ते फुकट होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण भाऊ, ताईंना खरं सांगा."

लीलाधरने मान हलवली. सांगायचं, पण हळद झाल्यावर. गाडी घाटात असताना ड्रायव्हरला कुणी वाईट बातमी देत नाही.

योगेंद्रच्या हळदीला ते धुळ्याला एसटीनेच गेले. लेकीला सुट्टी मिळाली नव्हती. वाटेत एकेक थांबा आला की दिपमाला ओठांतल्या ओठांत पुटपुटायची आणि शेजारी बसलेल्या भिकुबाई मान डोलावून पावती द्यायच्या. बाटली लीलाधरच्या पिशवीत होती, लेकीने अचानक फोन केला तर असावी म्हणून.

पूर्वी हळदीच्या गाण्यात बायकांच्या घोळक्याजवळ पुरुष फिरकत नसत. कुंदाबाईने मात्र मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या, पंखे लावले होते आणि माईकही आणला होता. नवरदेवाचा मामा म्हणून लीलाधरला पुढची खुर्ची मिळाली. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे गाणं सुरुवातीपासून ऐकणार होता. दिपमालासमोर कुंदाबाई हळदीची वाटी घेऊन बसली, आणि कुंदाबाईमागे बेबाबाई, मांडीवर वही उघडून.

ढोलकी सुरू झाली. दिपमालाने डोळे मिटले.

"हळद लागनी नवरदेवले, कोन कोन उनं पाहाले…"

गाडी जळगाव स्टँडवरून सुटली. पाळधीला तोताराम आबा चढले, कुटुंबासह. मांडवात तोताराम आबांनी फेटा नीट केला. एरंडोलला पुना नाना चढले. पुना नानांच्या धाकट्या सुनेचं नाव लग्नात बदललं होतं, तेही नवं नाव बरोबर आलं. पारोळ्याच्या आत्या एकामागून एक चढल्या. बेबाबाई वहीवर बोट ठेवून जुळवत होती आणि प्रत्येक नावागणिक तिचं तोंड उतरत होतं. लीलाधर गुडघे घट्ट धरून बसला होता. पन्नास. बावन्न. पंचावन्न.

"नवरदेवना मामा उनात…" दिपमाला म्हणाली आणि थांबली.

ढोलकी वाजत राहिली. दिपमालाने डोळे उघडून कुंदाबाईकडे बघितलं. कुंदाबाईने दिपमालाकडे बघितलं. ढोलकीचं एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. बेबाबाईने घसा साफ केला.

"इसरनी वं माय!" कुंदाबाई ओरडली. "वैनी इसरनी! खुद्द घरधनीनं नाव इसरनी!"

मांडवात गलका उठला. लीलाधरला पुढचं काही दिसेना. त्यालाच तर थांबा नव्हता! त्यानेच खुणा केल्या होत्या, त्यानेच गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि आता ती बिचारी सगळ्यांदेखत उघडी पडली. तो खुर्चीवरून उठला, पुढे गेला आणि त्याने माईक धरला. शहरी मराठी कुठल्या कुठे पळाली.

"तिनी चूक नही शे! तिनं काही चुकनं नही! तिन्या गोळ्या मी खाई टाक्यात!"

ढोलकी थांबली. माईक चांगला होता, त्यामुळे हे वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

"कसल्या गोळ्या?" तोताराम आबांनी विचारलं.

"पाळी गेल्यावरच्या!" लीलाधर म्हणाला, आणि बायकांकडे पाळीपाळीने बघून खाली बसला.

दिपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, काय बोलताय? मी विसरले कुठे? तुमचं नाव मी कसं घेऊ? बत्तीस वर्षांत घेतलंय का कधी? आणि तेही सासूबाई समोर बसलेल्या असताना!"

"मग…"

"तुमचं नाव मी घेतच नाही. तिथे मी थांबते, आणि दरवेळी…" ती अर्धवट थांबली.

ते वाक्य भिकुबाईंनी पूर्ण केलं. "दरवख्ती कुंदा घेस. लगीन व्हयनं तैपासून कुंदाच घेस. भाऊ कोना शे तो?"

सगळा मांडव कुंदाबाईकडे वळला. कुंदाबाईचा हळदीचा हात वाटीवरच राहिला. पंचवीस वर्षं प्रत्येक हळदीत, वहिनी थांबली की ठसक्यात 'लीलाधर भाऊ' म्हणणारी तीच. आज वहिनीची चूक पकडायला टपून बसली आणि स्वतःची पाळी आली ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

"मनंच ध्यान ऱ्हायनं नही वं…" ती इतक्या हळू म्हणाली की माईकलाही ऐकू गेलं नाही. मग आवाज चढवून तिने नाव घेतलं, "लीलाधर भाऊ उनात!" आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली. दिपमालाने चुलत मामा-मामी, मावश्या, सगळे घेतले. शेवटी नवरदेवाच्या मायचं नाव दोनदा घेतलं. एकदा धुळ्याचं आणि एकदा धरणगावला राहून गेलेलं. कुंदाबाईने पदराने डोळे पुसले आणि वहिनीच्या दोन्ही गालांना हळद फासली. बेबाबाईने वही मिटली आणि ती जेवायला गेली.

पंगतीत दिपमालाने लीलाधरला गाठलं. "म्हणजे मी एकही गोळी घेतली नाही?"

"सील मीच फोडलं."

"आणि त्या खुणा?"

"दुधाच्या."

दिपमालाने पदर तोंडाला लावला. लीलाधरला वाटलं, आता कांदा. पण तिचे खांदे हलायला लागले, आणि ती इतकी हसली की तिच्या द्रोणातली आमटी सांडली. "एकसष्ट नावं! बिनगोळीची!" ती म्हणाली. "आणि एवढ्या गोळ्या खाऊन तुम्हाला काय आठवलं हो? मला सांगायचं तेवढं नाही आठवलं!" तिला मनापासून बरं वाटत होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. लीलाधरच्या पानात तिने स्वतःच्या हाताने दोन पुरणपोळ्या वाढल्या.

जेवणं उरकल्यावर कुंदाबाईने भावाला कोठीच्या खोलीत ओढून नेलं. तिने आधी दाराकडे बघितलं.

"भाऊ, त्या बाटलीमा काही उरेल शे का?"

"तुला कशाला?"

"मनी भी दिवाळीपासून बंद शे," ती म्हणाली. "कोनले सांगू नको."

लीलाधरने पिशवीतून बाटली काढून दिली. वर बजावलं, "आधी डॉक्टरीणबाईला दाखव. आणि खरं औषध वेगळंच आहे. झोप, चाल आणि गा." पण बाटली हातात आल्यावर पुढचं कोण ऐकतं? कुंदाबाईने ती पदराखाली घेतली आणि लगबगीने आत गेली.

लग्न लागलं, वरात आली, आणि दोन दिवसांनी तिघं जळगावला निघाली. रिक्षा दारात उभी होती. भिकुबाई बसल्या, पिशव्या बसल्या. तेवढ्यात घरातून कुंदाबाई धावत आली. अंगण ओलांडेपर्यंत तिला धाप लागली होती. तिने भावाच्या कानाशी तोंड नेलं.

"भाऊ, ती बाटली तू माले दिधी व्हती ना? मी कोठे ठेवी?"

लीलाधरने दोन्ही हात वर केले. रिक्षाच्या आतून दिपमालाने मान बाहेर काढली.

"तांदळाच्या पिंपामागे, उजव्या हाताला. काल तांदूळ काढताना दिसली," ती म्हणाली. "सील फुटलेलं आहे, झाकण घट्ट लावा. चला हो, जळगावची गाडी चुकेल."